खांदेरीचा दिवा



समुद्र न पाहिलेला माणूस आमच्या माणदेशात शोधावा लागत नाही. जिथे पाऊसच चुकूनमाकून येतो, तिथे समुद्राचे काय घेऊन बसलात! फाल्गुन लागला आणि आमच्या तालुक्यातल्या चौदा शेतकऱ्यांना घेऊन मी अलिबागला गेलो. त्यात पाच भगिनीही होत्या. दौरा अभ्यासाचा. खारेपाटातली खारजमीन, खारे पाणी अडवणारे बांध आणि अलिबागचा पांढरा कांदा पाहायचा होता. त्याविषयी पुढे केव्हातरी सविस्तर लिहीन. आज सांगायचे आहे ते एका दिव्याविषयी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही थळच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. आमच्यातले सर्वांत वडील म्हणजे बहात्तर वर्षांचे एक बाबा. धोतर, मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. समुद्र पाहून त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर चूळभर पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् एका वाफ्याच्या कामाचं न्हाई." मग घोंगडी अंथरून ते गप्प बसून राहिले.

अंधार पडला तशी समोर समुद्रात एक चमक उठली आणि विझली. थोडा वेळ काळोख. पुन्हा चमक.

"सायेब, त्यो दिवा कुणी लावलाय?"

"खांदेरी बेटावरचं दीपगृह आहे, बाबा. जहाजांना कळावं म्हणून लावतात."

"आन् आज जहाज न्हाईच आलं तर?"

"तरी लावतात."

"रोज?"

"रोज."

बाबांनी विचार केला आणि एकदम मुद्द्याचे विचारले, "त्येल कुणाचं?"

तुम्ही हसाल, पण हा प्रश्न खरा आहे. गावच्या देवळातल्या नंदादीपाला कोणत्या महिन्यात कोणत्या घरचे तेल, हे ठरलेले असते. तसे दीपगृहाचेही आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्याचा कर घेतात आणि त्या पैशातून किनाऱ्यावरचे दिवे चालतात. त्यासाठी १९२७ साली दीपगृहांचा कायदा झाला होता, त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. म्हणजे ज्याला वाट दिसते, तो तेल देतो. बाबांना ही व्यवस्था पटली. "मग उद्या तिथं जाऊ," ते म्हणाले. दौऱ्याच्या कागदावर खांदेरी नव्हती. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी होती, आणि खरे सांगायचे तर मलाही जायचे होते.

थळहून खांदेरी सुमारे पाच किलोमीटर. तिथे एस. टी. सारखी ठरलेली फेरी नाही. मासेमारीची होडी ठरवायची आणि भरती-ओहोटी पाहून तांडेल म्हणेल त्या वेळेला निघायचे. आमचा तांडेल चाळिशीतला, कमी बोलणारा. सगळ्यांच्या अंगात त्याने जीवरक्षक जाकिटे चढवली. लुगड्यावर ते केशरी जाकीट घालून बसलेल्या आमच्या मावशी एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या, की अर्धी भीती तिथेच गेली. उरलेली अर्धी पहिल्या मोठ्या लाटेला परत आली, तो भाग निराळा.

होडी आत गेली तशी मागे थळच्या खत कारखान्याची धुराडी दिसू लागली. हा कारखाना १९८५ पासून चालू आहे. 'उज्ज्वला' युरियाची गोणी आपल्यापैकी अनेकांच्या पाठीवरून गेलेली आहे. "म्हंजे आपलं खत हितनं येतंय व्हय!" असे म्हणून मंडळींनी ओळखीचा माणूस भेटावा तसे त्या धुराड्यांकडे पाहिले. परमुलखात ओळखीचे असे काहीही दिसले की बरे वाटते.

तांडेलाच्या जवळ एक लहान यंत्र होते. उपग्रहावरून होडी कुठे आहे ते त्याच्या पडद्यावर दिसते. ते मी पाहिले आणि माझ्या मनात घोळत असलेली गोष्ट वर आली. ती आधी सांगतो. महिन्यापूर्वी एका गावी डाळिंबाच्या बागेत गेलो असता तिथला एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, "साहेब, आता सगळं मोबाइलवर येतं. तुम्ही कशाला एवढे हेलपाटे घालता?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. भाव, हवामान, औषधाचे प्रमाण, सगळे खरोखरच मोबाइलवर येते. पण माझी नोकरीची चारच वर्षे उरली आहेत आणि अशा वेळी असले बोलणे मनाला लागून राहते.

म्हणून मी तांडेलाला विचारले, "दादा, हे यंत्र असताना त्या दिव्याची गरज काय उरली?"

त्याने सुकाणू सोडले नाही. समोर पाहतच म्हणाला, "मशीन सांगतो मी कुठं हाय. दिवा सांगतो तो कुठं हाय. दोन्ही जुळलं का जीव खाली बसतो." थोड्या वेळाने आपणच पुढे म्हणाला, "मशीनला पाणी लागलं, बॅटरी गेली, तर मग? माझा बा नुसत्या दिव्यावर घरी येत होता."

दिवा पाहून घरी कसे येतात, तेही त्याने समजावले. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची चाल निराळी. किती वेळा चमकायचे आणि मध्ये किती सेकंद काळोख ठेवायचा, हे ठरलेले असते आणि जहाजांच्या नकाशांत तसे छापलेले असते. खांदेरीच्या उत्तरेला, मुंबईत कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्जचे दीपगृह आहे, ते १८७५ चे. समुद्रात रात्री दिवा दिसला, तर तो प्रॉंग्जचा की खांदेरीचा, हे मोजूनच ओळखायचे. चालीवरून बैल ओळखावा तसे. चुकलात तर होडी खडकावर.

आणि खडक तर तिथे आहेतच. थळच्या बाजूला, किनाऱ्याजवळ उंदेरी हे दुसरे बेट आहे. दोन्ही बेटांच्या आसपास पाण्याखाली कातळ पसरले आहेत. भरतीला ते दिसत नाहीत. तांडेलाने आम्हांला सरळ नेले नाही, वळसे घेत नेले. कुठल्या बाजूने का वळलो ते आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही.

ह्याच पाण्याच्या ज्ञानावर इथे एकदा मोठी लढाई झाली. शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याला खांदेरीवर पाठवून तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती. आपल्या बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे आणून बेटाला वेढा दिला. पण आपल्या लोकांच्या होड्या लहान आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या. थळ आणि नागावकडून त्या रात्रीच्या काळोखात निघत. दाणागोटा आणि सामान बेटावर पोचवून उजाडण्यापूर्वी परत येत. मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करता येत नसे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला आणि त्यांचे 'डव्ह' नावाचे गलबत पकडले. पुढे १६८० च्या आरंभी सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर चाल केली आणि पुन्हा हात हलवत परतले. बेट त्यांच्या हाती लागले ते १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा.

मला यात गंमत वाटते ती अशी. १६७९ मध्ये बेटावर एक जरी दिवा दिसला असता तरी आपल्या होड्यांचा घात झाला असता. काळोख हाच आपला सोबती होता. आणि पुढे मुंबईला जाणाऱ्या जहाजांना हे बेट आडवे येऊ लागले, तेव्हा त्याच इंग्रजांना त्याच बेटावर दिवा लावावा लागला. ते साल १८६७. आता या दीपगृहाला कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणतात.

धक्क्याला उतरल्यावर प्रथम वेताळाचे ठाणे लागते. कोळी बांधवांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. आमच्या तांडेलानेही आधी तिथे डोके टेकले, मगच पुढे वाट दाखवली. बेटाला दोन टेकड्या आहेत. तट आणि बुरूज बऱ्यापैकी उभे आहेत. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशात नोंद झाली, त्यांत खांदेरी आहे.

दीपगृहाचा मनोरा अष्टकोनी, दगडी बांधणीचा. आतून गोल जिना. बाबांना मी म्हणालो, तुम्ही खाली सावलीत बसा. ते म्हणाले, "सायेब, म्या शिखर शिंगणापूर चढतूय." आणि माझ्याआधी चढू लागले. मध्येच थांबून दम खावा लागला तो मलाच.

वर गेल्यावर कळले की दिवा एवढा उंच का ठेवतात. पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची कड जेमतेम साडेचार किलोमीटरवर दिसते. हाच माणूस पाण्यापासून पन्नास मीटर उंचीवर उभा राहिला, तर त्याला पंचवीस किलोमीटरपर्यंत दिसेल. माळ्यावर चढून राखण करण्याचा हाच उपयोग असतो. वरून उत्तरेला मुंबईकडची जहाजे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. पूर्वेला थळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यामागे सह्याद्रीची निळी रेघ. आमच्या एक काकू तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या डोंगराच्या पल्याड आपलं घर." माहेरवाशिणीच्या आवाजात म्हणाल्या.

दिवा राखणाऱ्या कर्मचाऱ्याने आमचे आपुलकीने स्वागत केले. बेटावर माणूस आला की त्यांनाही बरे वाटत असावे. जुन्या दीपगृहांत दिवा कसा चालत असे ते त्यांनी सांगितले. आरंभी तेलाची वात. मग रॉकेल. मग रॉकेलची वाफ करून जाळीवर जाळायची. म्हणजे आपली लग्नातली गॅसबत्तीच, फक्त मोठी. आमच्या मंडळींना हे सांगावे लागले नाही. पंप मारून बत्ती पेटवण्यात अर्ध्यांचे बालपण गेलेले. पुढे वीज आली. पण साध्या बत्तीचा उजेड चहूकडे पसरून वाया जातो. १८२० च्या सुमारास फ्रेनेल नावाच्या एका फ्रेंच माणसाने युक्ती काढली. एक भलेमोठे जाड भिंग करण्याऐवजी त्याने काचेच्या कडा एकीभोवती एक रचल्या. त्यामुळे पसरणारा उजेड एका पट्ट्यात गोळा होऊन दूरवर जातो. पाटाचे पाणी शेतभर न सोडता एका सरीतून सोडले की कसे शेवटपर्यंत पोचते, तसे.

ते भिंग फिरते आणि म्हणून दुरून दिवा चमकल्यासारखा वाटतो. दिवा स्वतः जळतच असतो. मोठी भिंगे वजनाने टनावारी असत. ती पाऱ्यावर तरंगती ठेवत, म्हणजे बोटाने ढकलली तरी फिरावीत. फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. त्याचे वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली येई आणि दर काही तासांनी ते हाताने गुंडाळून वर न्यावे लागे. रात्रभर, पावसाळ्यातसुद्धा. आणि दिवसा? दिवसा भिंगाला पडदे लावायचे. नाहीतर सूर्याचे ऊन उलटे आत शिरून भिंगातून एका जागी गोळा व्हायचे आणि तिथे आग लागायची. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळत असू, तसे.

मी त्यांना विचारले, "समजा, एखाद्या रात्री दिवा लागलाच नाही तर?"

ते म्हणाले, "म्हणून राखीव दिवा ठेवतात. तोही गेला तर लगेच कळवावं लागतं, म्हणजे जहाजांना सूचना जाते. कारण साहेब, दिवा दिसला नाही तर समुद्रातला माणूस 'दिवा बंद पडला' असं समजत नाही. तो समजतो, खांदेरी अजून आली नाही. आणि तो तसाच पुढे येत राहतो."

मंडळी पुढच्या गोष्टी विचारू लागली. मी मात्र तिथेच अडकलो.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी भोर भागात होतो. भाताचा मुलूख. एका गावी चावडीच्या भिंतीवर मी काळा फळा लावून घेतला होता आणि दर सोमवारी त्यावर त्या आठवड्याचा पीकसल्ला खडूने लिहीत असे. कुठली कीड दिसते, काय करावे, काय करू नये. पहिले काही आठवडे लोक थांबून वाचत. मग कोणी वाचताना दिसेना. पोरे त्यावर चित्रे काढत. भादव्याच्या अखेरीस एका सोमवारी खूप पाऊस होता. मला वाटले, कोण वाचतो? फळा पुसलेला होता तसाच ठेवला आणि मी परत फिरलो. खिशातल्या वहीत मात्र मी लिहिलेले होते की शेजारच्या दोन गावांत तपकिरी तुडतुडे दिसू लागले आहेत, चुडाच्या बुंध्याशी पाहा, खाचरातले पाणी काढून टाका, फवारणी बुंध्यावर करा.

पंधरा दिवसांनी गेलो. एका विधवा बाईंचे दीड एकर भात जागोजागी गोल गोल जळाल्यासारखे झाले होते. तुडतुड्यांनी रस शोषला की तसेच होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. त्यांचा शाळेत जाणारा मुलगा दर सोमवारी फळा वाचून त्यांना घरी सांगत असे, हे मला त्या दिवशी कळले. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फळा कोरा होता साहेब, तवा वाटलं ह्या आठवड्याला काय भ्या न्हाई."

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्यानंतर तिथे असेपर्यंत माझा फळा कधी कोरा राहिला नाही. काही विशेष नसले तर 'या आठवड्यात विशेष कीड नाही' असे तरी लिहीत असे. पण त्या वर्षी त्या घरात भात विकत आणावे लागले, ते माझ्या त्या एका सोमवारमुळे. खांदेरीच्या माथ्यावर वारा असा होता की डोळ्यांना पाणी आले तरी कोणी कारण विचारले नाही.

खाली उतरल्यावर मंडळींनी उरलेले बेट पायाखाली घातले. एका ठिकाणी असा खडक आहे की दगडाने ठोकला तर लोखंडासारखा घणघणतो. तिथून आमच्या भगिनींना हलवणे मुश्किल झाले. प्रत्येकीने वाजवून पाहिला, मग पुरुषांनी, मग पुन्हा प्रत्येकीने. चाके असलेल्या लोखंडी गाड्यांवर चढवलेल्या तोफाही इथे पाहायला मिळतात. बाबांनी तोफेकडे पाहिलेसुद्धा नाही. वाकून चाक आणि आस पाहिला, हात फिरवला, आणि बैलगाडी करणाऱ्या सुताराच्या थाटात म्हणाले, "काम चांगलं हाय. वंगण न्हाई." पाण्याची टाकी दाखवली तेव्हा मात्र ते बराच वेळ काठावर उभे राहिले. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये पावसाचे साठवलेले गोडे पाणी. माणदेशातल्या माणसाला यातले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही.

तांडेलाने हाक मारली तसे आम्ही निघालो. ओहोटी लागली की धक्क्याची होडी काढणे जड जाते.

तुम्हांला जायचे असेल तर दिवाळीनंतर ते होळीच्या सुमारापर्यंतचे दिवस बरे. पावसाळ्यात तिकडचा विचारही करू नये. अलिबागहून थळ जवळ आहे. तिथे आदल्या दिवशीच होडीची चौकशी करावी आणि बेटावर, दीपगृहात जाण्याविषयीचे नियमही विचारून घ्यावेत, ते बदलत असतात. पिण्याचे पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी. पायात चांगली चप्पल हवी, शेवाळ्यावर पाय सटकतो. होडीत तांडेल बस म्हणाला की बसावे, उभे राहून फोटो काढू नयेत. आणि शक्य असेल तर आदली रात्र किनाऱ्यावर काढा. दीपगृह दिवसा पाहायचे आणि दिवा रात्री, दोन्ही पाहिले तरच पाहिल्यासारखे.

परतीच्या वाटेवर कार्ल्याजवळ रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या कांद्याचे नाव आणखी झाले आहे. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा घेतात. चवीला गोडसर, तिखटपणा कमी. बाया माणसांनी गाडी थांबवायला लावली. भाव करणे, माळा उचलून पाहणे, शेतकरी काकूंना बियाण्याविषयी विचारणे, यात तिन्हीसांजा झाल्या. मी माणसे मोजली तर एक कमी.

बाबा गाडीच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. पश्चिमेकडे तोंड करून, कपाळावर हात धरून. मध्ये झाडे होती आणि टेकाड होते. तिथून समुद्र दिसणे शक्यच नव्हते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

"बाबा, चला. हितनं नाही दिसायचा."

"ठावं हाय," ते म्हणाले, "पर लागायची येळ झालीया." आणि आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.